तालमीची वेळ कोणाच्या सोयीची? : पुण्यातल्या एका नाट्यसंस्थेचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका प्रायोगिक नाट्यसंस्थेचं आहे. नाव छापायचं नाही एवढ्या एकाच अटीवर संस्थेने आपले हिशेब, तालमींची वेळापत्रकं, जुन्या नाटकांच्या श्रेयनामावल्या आणि सभांची इतिवृत्तं मला वाचायला दिली. तालमींना आणि बैठकांना बसू दिलं. माणसांचीही नावं मी देत नाही. याच घडणीच्या संस्था शहरात बऱ्याच आहेत आणि हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

संस्था कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनी काढली. सगळे पुरुषोत्तम करंडकात घडलेले. महाराष्ट्रीय कलोपासक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून भरवते आणि पुण्याच्या प्रायोगिक नाटकाला तिने किती नट, लेखक, दिग्दर्शक दिले हे इथल्या प्रेक्षकाला सांगायला नको. संस्थेतली बहुतेक माणसं बँकेत, आयटीत, कॉलेजात नोकरी करतात आणि संध्याकाळी नाटक करतात. तालमी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी, अरुंद, लिफ्ट नाही. वेळ साडेसात ते अकरा, प्रयोग तोंडावर आला की मध्यरात्र उलटेपर्यंत. तालमीचे पैसे कोणालाच नाहीत. प्रयोगाची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळते, ती जेमतेम रिक्षाभाड्यापुरती.

‘आमच्याकडे जात कोणी पाहत नाही’ हे वाक्य मी इथे अनेकांच्या तोंडून ऐकलं. ते खरं बोलत होते असंच मला वाटतं. माणसं मोकळ्या मनाची आहेत, वाचणारी आहेत, मोर्चात जाणारी आहेत. तरीही संस्था वर्षानुवर्षं त्याच दोन-तीन कॉलेजांतून आणि त्याच आडनावांतून भरत राहिली. चांगल्या माणसांच्या हातून असं कसं घडतं, हे या प्रकरणात इतकं उघड दिसतं की मला ते मांडावंसं वाटलं.

दोन पत्रं

एकाच मोसमात दोन गोष्टी घडल्या. येरवड्याहून येणारी एक अभिनेत्री प्रयोग जवळ आलेला असताना नाटक सोडून गेली. ‘तिला कमिटमेंट नाही’ असं पहिल्या रात्रीच बोललं गेलं. दोन दिवसांनी तिने दिग्दर्शकांना एक लांब मेसेज पाठवला. तालीम सुटते तेव्हा घराकडे जाणारी बस नसते, रोज रिक्षा परवडत नाही, आणि रोज कुणीतरी गाडीवर सोडायचं म्हणजे रोज कुणाचे तरी उपकार. ‘पाणी’ म्हणताना माझा ण नीट लागत नाही म्हणून सगळ्यांसमोर दहा-दहा वेळा म्हणायला लावतात आणि हसतात. रंगीत तालमीच्या जेवणाची वर्गणी सगळ्यांकडून घेतात, पण जेवण काय असावं हे कधी कोणी विचारलं नाही. एकदा मी डब्यात सुकट नेली तर दोघं उठून खिडकीत जाऊन बसले. आणि शेवटी, इतकी वर्षं तुमच्यासोबत आहे, मला आजवर काम मिळालं ते मोलकरणीचं, भाजीवालीचं आणि हवालदाराच्या बायकोचं.

दुसरं पत्र संस्थेच्या एका जुन्या प्रेक्षकाचं. निवृत्त शिक्षक, व्हीलचेअर वापरतात. प्रयोगाला आले तेव्हा चार कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. चौघांना वाटलं, आपण मदत केली. सरांनी लिहिलं: मला यापुढे कधीही उचलू नका. मी नाटक बघायला आलो होतो, तुम्ही मला नाटक सुरू होण्याआधीच सगळ्यांसमोर प्रवेश करायला लावला. खाली त्यांनी एक प्रश्न विचारला होता: माझ्यासारख्या माणसाला तुमच्या नाटकात काम करायचं असेल तर तो तालमीला येणार कसा?

बैठकीत दोन्ही पत्रं वाचली गेली, पण निरनिराळ्या विषयांखाली. पहिलं ‘कलाकारांच्या अडचणी’त, दुसरं ‘प्रयोग व्यवस्थापना’त. प्रकाशयोजना सांभाळणारी एक तरुण मुलगी म्हणाली, हे दोघं एकच विचारतायत, ही तालीम ठरवताना आपण कोणाला गृहीत धरलं होतं?

उत्तर द्यायला फार विचार लागला नाही. पेठेपासून वीस मिनिटांवर राहणारा, दुचाकी असलेला, सहाला सुटणारी पगाराची नोकरी असलेला, घरी गेल्यावर ताट वाढलेलं असणारा, दोन जिने चढू शकणारा, नीट दिसणारा, नीट ऐकू येणारा आणि घरातच प्रमाण मराठी बोलणारा माणूस. संस्था काढणारे सगळे असेच होते. त्यांनी आपल्या सोयीने वेळ ठरवली, जागा ठरवली, आणि पुढे ती सोय नियम झाली. जात आणि अपंगत्व हे दोन वेगळे विषय आहेत, त्यांचे इतिहास वेगळे आहेत, त्यांत होणारा अपमानही वेगळा आहे. पण एखाद्या संस्थेत या दोहोंची दारं एकाच ठिकाणी बंद होतात, हे त्या बैठकीत पहिल्यांदा स्पष्ट झालं.

काय मोजायचं यावरचा वाद

संस्थेतल्या एका तरुण लेखकाने अमेरिकेतल्या रंगभूमीवर झालेल्या हालचालींचं बरंच वाचन केलं होतं. पोलिसाच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर जून २०२० मध्ये तिथल्या तीनशेहून अधिक कृष्णवर्णीय आणि इतर श्वेतेतर वंशांच्या रंगकर्मींनी ‘वुई सी यू, व्हाइट अमेरिकन थिएटर’ हे खुलं पत्र काढलं आणि पाठोपाठ मागण्यांची लांबलचक यादी दिली. त्या यादीत नेमणुका, पैसे, निर्णयाचे अधिकार हे सगळं होतंच. पण आमच्या मंडळींना थांबवलं ते एका साध्या मागणीने. तिथे प्रयोगाआधीच्या तांत्रिक तालमींसाठी बारा तासांपैकी दहा तास कलाकाराला राबवण्याची पद्धत आहे, ती बंद करा; आठवड्याचे सहा दिवस तालीमही नको. घर चालवणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या, दुसरी नोकरी करणाऱ्या माणसाला अशा वेळापत्रकात जागाच उरत नाही, म्हणून कामाचे तास हा वंशभेदाचाही प्रश्न आहे असं ते सांगत होते.

‘आपल्याकडे वंशाचा प्रश्न कुठे आहे?’ असं एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. दुसऱ्या ज्येष्ठ बाईंनी आठवण करून दिली की याच शहरात राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. ही तुलना आपण आज बाहेरून आणत नाही, ती इथेच आणि फार पूर्वी केली गेली आहे. मला त्यांचं म्हणणं पटलं.

मात्र हत्यारं जशीच्या तशी उचलता येत नाहीत, हेही लवकरच लक्षात आलं. तिथे रंगमंचावरचे आणि कार्यालयातले चेहरे पाहून पुष्कळ काही कळतं. इथे संचाचा फोटो पाहून काही कळत नाही. इथे आडनाव सांगतं, वस्ती सांगते, उच्चार सांगतात. मग जात विचारायची का? यावर बैठका अडल्या. काहींना तो प्रश्न विचारणंच जातीयवादी वाटत होतं. ओबीसी समाजातल्या एका नटाने वेगळंच सांगितलं: ‘मी लिहून दिलं तर उद्यापासून माझ्या प्रत्येक कामाकडे तुम्ही त्याच नजरेने पाहाल. एवढ्या वर्षांत मी ते सांगितलेलं नाही, ते उगाच नाही.’ त्यानंतर कोणी आग्रह धरला नाही.

शेवटी जातीचा रकाना न ठेवता दुसरे प्रश्न विचारले. संस्थेत तुम्हाला कोणी आणलं? अभिनय पहिल्यांदा कुठे शिकलात आणि फी कोणी भरली? घरी कोणती भाषा, कोणती बोली? तालमीनंतर घरी पोचायला किती वेळ आणि किती पैसे लागतात? इथे कधी एखादी गोष्ट लपवावी लागली का? उत्तरं निनावी घेतली. जवळजवळ प्रत्येक जण आधीच आत असलेल्या कुणाच्या तरी ओळखीने आलेला निघाला. बहुतेकांनी लहानपणी पैसे भरून सुट्टीतली नाट्यशिबिरं केलेली होती. आणि काही लपवावं लागलं का, या प्रश्नाला होकार देणारे लोक बैठकीत नेहमी गप्प बसणारे असावेत असं वाचताना जाणवत होतं.

मग जुन्या श्रेयनामावल्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक नावापुढे भूमिका लिहिली आणि ती किती बोलते, नाटक पुढे नेते की फक्त चहा आणून ठेवते, हे लिहिलं. हे काम करायला एक संध्याकाळ पुरली. प्रत्येक संस्थेने हे एकदा करावं असं मला फार वाटतं. प्राध्यापक, डॉक्टर, लेखक, घुसमटलेली मध्यमवर्गीय पत्नी या भूमिका कोणाकडे गेल्या आणि हवालदार, गडी, गावाकडचा भाऊ, तमासगीर कोणाकडे, हे एकाखाली एक लिहिलेलं दिसलं तेव्हा ज्यांनी ती पात्रयोजना केली होती तेच अस्वस्थ झाले. एकेका नाटकाच्या वेळी प्रत्येक निवड योग्यच वाटली होती. ‘त्याला ग्रामीण ढंग सहज जमतो’ हे कौतुक होतं. तेच कौतुक दहा नाटकांत पुन्हा पुन्हा झालं की माणूस त्यात अडकतो.

‘पण नट मिळायला हवेत ना?’ हा आक्षेपही आला. या शहरात तो टिकत नाही. फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ साली लिहिलं. ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं, ते नाकारलं गेलं आणि त्यांच्या हयातीत रंगमंचावर आलं नाही. पुढे सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, लाल बावटा कलापथक अशी नाटक आणि गाण्याची अखंड परंपरा दलित-बहुजन आणि कष्टकरी समाजांत चालत राहिली. ती पेठेतल्या सभागृहांत आली नाही एवढंच. अगदी अलीकडे, २०१२ च्या सुमारास, दिग्दर्शक अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं फुल्यांवरचं नाटक ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या कामगार युनियनमधल्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. त्याच काळात जालन्याकडच्या शेतकरी नटांना घेऊन आलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ पुण्यातल्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. नट होते आणि आहेत. ते आपल्या तालमीला का येत नाहीत, हा प्रश्न विचारायचा आहे.

पहिलं उत्तर चुकलं

दिग्दर्शकांनी मनापासून एक प्रस्ताव आणला. जातीच्या प्रश्नावरचं नाटक करू आणि सोडून गेलेल्या अभिनेत्रीला मुख्य भूमिका देऊ. ते तिच्या घरी गेले. तिने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सर, मोलकरणीतून तुम्ही मला अत्याचार झालेल्या बाईत नेताय. मला काम म्हणजे सोसायचंच काम का? मला प्रेमात पडायचंय स्टेजवर. मला ऑफिसात बसून खोटे हिशेब करायचेत.’

या उत्तराने प्रकरणाची दिशा बदलली. दलित जीवनावरची नाटकं लिहिली गेलीच पाहिजेत, ती मराठीत उत्तम लिहिली गेली आहेत, आणि ती करण्याचा हक्क सगळ्यात आधी त्या लेखक-नटांचा आहे. पण संस्थेतला जुना भेद तसाच ठेवून वर्षातून एक ‘विषयाचं’ नाटक करणं म्हणजे भूमिकांची तीच वाटणी नव्या कारणाने पुढे चालवणं. प्रस्ताव बाजूला ठेवला आणि संस्था आपल्या कामाच्या पद्धतीकडे वळली.

घड्याळ, जागा, पैसा

तालमीची जागा बदलली. शिवाजीनगर भागात एका शाळेची तळमजल्यावरची खोली मिळाली. दोन्ही मेट्रो मार्ग जिथे एकत्र येतात ते जिल्हा न्यायालय स्थानक तिथून जवळ, आणि स्थानकांत लिफ्ट आहे. येरवड्याहून येणारी गाडी थेट तिथे येते. पिंपरीकडून, कोथरूडकडूनही येता येतं. आठवड्यात दोन दिवस सहा ते नऊ आणि शनिवार-रविवारी सकाळी तालीम. नऊ म्हणजे नऊ.

विरोध झाला आणि तो पोकळ नव्हता. ‘नाटक घड्याळावर होत नाही. रात्री दहानंतर माणूस थकतो, सैल होतो, तेव्हा खरं काहीतरी हाती लागतं,’ असं संस्थापकांपैकी एक ज्येष्ठ दिग्दर्शक म्हणाले. त्यांच्या पद्धतीने उभी राहिलेली नाटकं मी पाहिली आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. हिंजवडीतून निघणाऱ्यांना सहाला पोचणं अशक्य होतं, हेही खरं. तोडगा निघाला तो कॉल शीटमधून, म्हणजे कोणी कधी यायचं याच्या यादीतून. आजवर सगळ्यांना रोज बोलवायचे आणि ज्यांचा प्रवेश नसेल ते कोपऱ्यात मोबाइल पाहत बसायचे. आता प्रवेशानुसार माणसं बोलावली जातात, आठवड्याचं वेळापत्रक आधी कळतं. आयटीतल्या मंडळींचे प्रवेश शनिवार-रविवारी. नाटक उभं राहायला पूर्वीपेक्षा बरेच जास्त आठवडे लागले. पण लहान मूल झाल्यावर थांबलेल्या दोन अभिनेत्री याच वेळापत्रकामुळे परत आल्या. त्यांच्यासाठी हे कोणी केलंच नव्हतं.

पैशाच्या बाबतीत आधी प्रवासखर्च आणि नाश्ता, मग तालमीचं छोटं पण सगळ्यांना सारखं मानधन, आणि बॅकस्टेजसकट सगळ्यांना एकच नाईट असं ठरलं. रक्कम अजूनही लाज वाटावी इतकी कमी आहे. ती उभी करायला नेपथ्याचा खर्च निम्म्यावर आणला. नेपथ्यकाराने कुरकुर न करता तीन लेव्हल, म्हणजे मंचावरचे लाकडी चौथरे, आणि एका दरवाजात नाटक बसवून दिलं. ज्याला पैशाची गरज नाही त्यानेही ते घ्यायचे, असा नियम केला. काही जण परत करायला लागले की घेणारे वेगळे दिसू लागतात, म्हणून.

निवडचाचणी खुली केली. जाहिरात कॉलेजांच्या कलामंडळांपुरती न ठेवता वस्त्यांमधली वाचनालयं, समाजमंदिरं, आयटीआय, रात्रशाळा, गणेश मंडळांचे आणि भीमजयंतीचे सांस्कृतिक कार्यक्रम करणारे गट यांच्यापर्यंत नेली. पाठ केलेलं स्वगत मागितलं नाही. एक घडलेला प्रसंग सांगा आणि जोडीदारासोबत एक प्रसंग उभा करा, एवढंच. चाचणीला येण्याजाण्याचं भाडं हातात दिलं. सोडून गेलेली अभिनेत्री याच रांगेतून आली. तिला नव्या नाटकातल्या चार्टर्ड अकाउंटंटची (सीएची) भूमिका मिळाली आणि खोटे हिशेब करायचेही मिळाले.

उच्चारांचा वाद तालमीत सगळ्यात जास्त तापला. इथे बदल केला तो तपासण्याच्या कसोटीत. शेवटच्या रांगेत शब्द पोचतो का, वाक्याचा अर्थ लागतो का, एवढंच आवाजाच्या व्यायामात पाहायचं. पात्र कसं बोलेल ते संहिता आणि नट मिळून ठरवतील. आज पुण्यात लातूरकडचे डॉक्टर आहेत, नांदेडकडचे प्राध्यापक आहेत, सोलापूरकडच्या वकील आहेत, ते आपापल्या वळणाने बोलतात आणि त्यांचं कुठे काही अडत नाही. रंगमंचावरचा शिकलेला माणूस मात्र अजून एकाच वळणाने बोलतो. प्रयोगानंतर एका प्रेक्षकाने विचारलं की सीए बाई असं का बोलतात. दिग्दर्शकांनी उत्तर दिलं, ‘त्या तशाच बोलतात.’ पुढच्या प्रयोगात काही बदललं नाही.

चिडवण्याचा, ‘कोट्यातून आलास का’ असल्या विनोदांचा प्रश्न उरतोच. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती आधीपासून होती. जात, धर्म, अपंगत्व यांवरून होणाऱ्या अपमानाची तक्रार संस्थेबाहेरच्या एका वकील बाईंकडे थेट नेता येईल अशी सोय केली. तक्रार दिग्दर्शकांकडे न्यायची असेल आणि पुढची भूमिकाही तेच देणार असतील तर कोणी बोलत नाही.

दृष्टिहीन नट आणि संहितेची फाइल

खुल्या चाचणीतून एक दृष्टिहीन विद्यार्थी निवडला गेला. त्याची पहिली अडचण रंगमंचावर आली नाही, संहितेत आली. नाटक जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये अक्षरं पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी चिन्हांची जुळवाजुळव. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ती वाचायला गेला की निरर्थक आवाज येतात. दुरुस्त्या तर हाताने लिहून, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या. त्या त्याच्यासाठी नव्हत्याच. पूर्ण संहिता युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणली, रूपांतरात बिघडलेली जोडाक्षरं दोघांनी बसून सुधारली, आणि यापुढे प्रत्येक दुरुस्ती टाइप करूनच पाठवायची असं ठरलं. एनव्हीडीए हे वाचक सॉफ्टवेअर मोफत आहे, मोबाइलवर टॉकबॅक हा तसाच वाचक मराठी वाचतो. म्हणजे खर्च शून्य, लागली ती फक्त मेहनत. इतरांच्या हातात कागद असतानाच त्याचं पाठांतर पूर्ण झालं होतं.

रंगमंचावर सतरंजीखाली काथ्याची दोरी ठोकून तळव्याला कळतील अशा रेषा केल्या. मंचाच्या कडेपासून दोन-अडीच फुटांवर खरखरीत पट्टी. मुख्य शिस्त इतरांना पाळायची होती: लेव्हल, खुर्ची, टेबल तालमीत जिथे असेल तिथेच प्रयोगात असलं पाहिजे, वीतभरही इकडेतिकडे नाही. सहनटाने हात धरून ओढायचं नाही, कोपर पुढे करायचं. त्याची भूमिका घरमालकाची होती आणि संहितेत घरमालकाच्या डोळ्यांबद्दल एक शब्दही नाही. ते तसंच ठेवलं. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन मराठीत नाटकं उभी केली, तेव्हा हे होऊ शकतं का हा प्रश्न सुटलेलाच आहे. डोळस नटांच्या संचात एक दृष्टिहीन नट नेहमीच्या भूमिकेत असणं, एवढंच इथे नवं होतं.

प्रेक्षागृहात

ज्या सभागृहात प्रयोग होतात त्याला दर्शनी तीन पायऱ्या आहेत. उतरंडीचं मान एकास बारा धरलं, तर पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी साडेपाच मीटरच्या आसपास रॅम्प लागतो. तेवढी जागा नव्हती. उभट रॅम्प टाकून मागून ढकलायचं, हे शिक्षक सरांनी साफ नाकारलं. त्यांनीच पार्किंगकडचं बंद दार दाखवलं, तिथे एकच पायरी होती. एका पायरीला पावणेदोन-दोन मीटर पुरतात. नाटकाच्या लेव्हल करणाऱ्या सुतारानेच प्लायवूडचा रॅम्प करून दिला. दाराची किल्ली मिळवणं हे मात्र रॅम्प करण्यापेक्षा अवघड गेलं. व्यवस्थापनाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आणि राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालाचा हवाला देऊन पत्र लिहावं लागलं. सुगम्यतेचे निकष ही ऐच्छिक सूचना असू शकत नाही, ते बंधनकारक हवेत, असं त्या निकालात आहे. मग किल्ली मिळाली. मधल्या रांगेतल्या दोन खुर्च्या काढता येतील अशा केल्या, म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाला एकट्याने कडेला बसावं लागत नाही. रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोलीत, आणि मंचावर चाकावरून जायला वाट अजूनही नाही. म्हणजे सरांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तालमीपुरतंच मिळालं आहे.

कर्णबधिर प्रेक्षकांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषे बोलावले. दोन लागतात, कारण एकाने सलग दीड तास हे काम करणं शक्य नाही. संहिता काही आठवडे आधी हवी. उभं राहण्याची जागा मंचाच्या एका बाजूला, त्यांच्यावर नाटकातल्या काळोखातही टिकणारा स्वतंत्र उजेड, आणि त्या बाजूच्या खुर्च्या राखीव. पहिल्या प्रयोगात प्रकाशयोजनाकार बाईंना तो उजेड खुपत होता. दुसऱ्या प्रयोगासाठी त्यांनी प्रकाशाची आखणीच त्याला धरून केली. लंडनची ग्रेआय ही १९८० मध्ये सुरू झालेली अपंग कलाकारांची संस्था नेमकं हेच वर्षानुवर्षं करत आली आहे: सोय शेवटी चिकटवायची नाही, नाटक रचतानाच आत घ्यायची.

पडद्यावर संवादांच्या मराठी ओळीही दाखवल्या. ओळ क्षणभर आधी दिसली की तिथे हशा आधी येतो आणि नट गोंधळतो, म्हणून ओळी चालवायला नाटक पाठ असलेलाच माणूस बसवावा लागला. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी प्रयोगाआधी अर्धा तास मंच खुला ठेवला. ते मंचावर फिरतात, दरवाजा, टेबल, कपडे हाताळतात, नट आपापल्या आवाजात पात्राची ओळख करून देतात. याला काहीच खर्च नाही आणि मला यात सगळ्यात जास्त आनंद दिसला, नटांनाही.

निर्णय कोणाचे

आजवरचे बदल तालमीत, प्रेक्षागृहात आणि हिशेबात झाले. नाटक कोणतं करायचं हे मात्र अजून संस्थापकांचंच कार्यकारी मंडळ ठरवतं. नव्या सभासदांची मागणी आहे की निम्म्या जागा संस्थापकांबाहेरच्या असाव्यात, त्यात एक जागा अपंग व्यक्तीची असावी आणि संहिता निवडताना प्रत्येकाचं मत सारखं मोजावं. संस्था विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली आहे. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, घटनादुरुस्तीला सभेचा ठराव लागतो. काही संस्थापक याच कागदपत्रांकडे बोट दाखवून थोडं थांबा म्हणतात. घड्याळाला विरोध करणारे ज्येष्ठ दिग्दर्शक मात्र स्वतःची जागा सोडायला तयार झाले आहेत. दिग्दर्शन पुन्हा रात्रीच्या वेळेला करू द्या, एवढीच त्यांची इच्छा आहे, आणि ती अजून मान्य झालेली नाही.

सीएची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने मंडळासाठी अर्ज भरला आहे. तिने एक संहिताही दिली आहे, स्वतः लिहिलेली: येरवड्यातल्या एका हिशेबनीस बाईच्या लग्नाची, दोन अंकी, विनोदी. ठराव आणि संहिता, दोन्हींवर वार्षिक सभेत एकाच दिवशी मतदान होणार आहे.